पाऊण कोसावरची आफ्रिका

मेघजीशेठनी जगदेवला आफ्रिकेचं विचारलं ते भाद्रपदात. अनसिंगच्या जिनात त्या वेळी हंगामाआधीची साफसफाई चालू होती. कापसातून सरकी वेगळी करणारी बारा यंत्रं ओळीने उघडून ठेवलेली होती, आणि जगदेव एकेकाच्या रुळावरचं झिजलेलं चामडं काढत होता. शेठनी त्याला बाहेर लिंबाखाली बोलावलं. त्यांचा मेहुणा युगांडात, जिंजा नावाच्या गावाजवळ, असंच जिन चालवत होता. तिकडेही आपल्यासारखाच कापूस पिकतो, पण यंत्रं दुरुस्त करणारा भरवशाचा माणूस मिळत नाही, असं त्याने कळवलं होतं. राहायला विटांचं घर, येण्याजाण्याचं बोटीचं तिकीट, आणि तीन वर्षांचा करार. पहिली तीन वर्षं बिऱ्हाड नेता येणार नव्हतं. दिवाळीपर्यंत काय ते सांग, असं शेठ म्हणाले.

घराचं आणि तिकिटाचं जगदेवने नीट ऐकलंही नाही. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट राहिली: तिकडे इंजिन त्याच्या ताब्यात असणार होतं. अनसिंगच्या जिनात तो कितीतरी हंगाम मिस्त्रीच्या हाताखाली होता. यंत्राचा रूळ आणि पट्टी यांच्यात किती फट ठेवायची ते तोच ठरवी, पट्टा सुटला तर तोच चढवी. पण सकाळी इंजिन सुरू करायचं ते मिस्त्रीनेच. मिस्त्री चाकाला हात घाली आणि जगदेव तेलाचं भांडं घेऊन शेजारी उभा राही. चाक पहिल्यांदा फिरतं आणि इंजिन पहिला श्वास घेतं, तेवढा क्षण आपल्या हातून घडावा, असं त्याला फार वाटे. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला मात्र न सांगताच माहीत होतं.

घरात तिघंच. जगदेव, त्याची बायको कस्तुराबाई आणि आई रंगूबाई. लग्नाला सहा वर्षं झाली होती. मूल नव्हतं, आणि रंगूबाईने त्यावरून सुनेला कधी टोमणा मारला नाही. घर गावाच्या उगवतीला, अगदी शेवटचं. दारात चिंचेचं मोठं झाड आणि पुढे नुसती शेतं. जगदेवचं स्वतःचं शेत तिथून पाऊण कोसावर, थोड्या उंचावर होतं.

आफ्रिकेची बातमी घरात आली तेव्हा रडारड झाली नाही. रंगूबाई म्हणाली की तुझ्या जिवाला पटेल ते कर, माझं वय झालं म्हणून तू थांबू नको. हे तिने इतक्या लगेच म्हटलं की जगदेवला ते आधीच तयार करून ठेवल्यासारखं वाटलं.  कस्तुराबाई चार-पाच दिवस नेहमीची कामं करत राहिली. जगदेव मात्र रोज जेवताना दोन्ही बाजू मांडी. तिकडे मान आहे, पण माणसं नाहीत. इकडे माणसं आहेत, पण मिस्त्री अजून वीस वर्षं तरी हलणार नाही. एक दिवस जायचं ठरे, दुसऱ्या दिवशी राहायचं.

मग एकदा भाकरी थापता थापता कस्तुराबाई म्हणाली, "बैल इकत घेतानी आपण काय करतो?"

जगदेवला प्रश्नाचा रोख कळला नाही. आठ दिवस घरी आणून जुंपून बघतो, मगच पैसे मोजतो, हे साऱ्या वऱ्हाडाला माहीत होतं. कस्तुराबाईचे वडील आसेगावचे, आणि बैल पारखण्यात त्यांचं नाव होतं. दावणीला उभा असलेला बैल सगळ्यांनाच चांगला दिसतो, असं ते म्हणत.

"मंग आफ्रिका तशीच घ्यायची काय?" कस्तुराबाई म्हणाली. "आधी जुपून पाहा."

तिने सगळा विचार करून ठेवला होता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जगदेवने शेतातल्या झोपडीत जाऊन राहायचं, ते दिवाळीच्या पाडव्यापर्यंत. नाहीतरी ज्वारी राखायला कुणीतरी लागतंच. पण आपल्या शेतात नव्हे, आफ्रिकेत असल्यासारखं राहायचं. स्वयंपाक स्वतः करायचा. गावात यायचं नाही. घरचं कुणी तिकडे जाणार नाही आणि गावातला कुणी त्याच्याशी बोलणार नाही. तेवढे दिवस निभावले तर तीन वर्षांचा अंदाज येईल.

रंगूबाईने त्यात आणखी एक अट घातली. तिकडचं पत्र यायला तीन आठवडे लागतात, असं शेठ म्हणाले होते. म्हणजे घरात काही झालं, चांगलं किंवा वाईट, तरी दिवाळीपर्यंत जगदेवला कळवायचं नाही.

जगदेव आधी हसला. मग त्याला ते पटलं. जिनात कुठलाही नवा भाग चालवून बघितल्याशिवाय तो कधी बसवत नसे.

दसऱ्याआधी तो वाशीमला गेला आणि येताना पंपाचा स्टो घेऊन आला. आपण नसलो तर लाकडं फोडायला घरात गडीमाणूस नाही, तेव्हा कस्तुराला हे बरं पडेल, हा त्याचा हिशेब. त्याने तो अंगणात पेटवून दाखवला. निळी ज्योत, आणि धूर अजिबात नाही. कस्तुराबाईने लक्ष देऊन बघून घेतलं, राखेने पुसून लख्ख केला आणि फळीवर ठेवून दिला. भडकला तर, अशी भीती वाटते म्हणाली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रंगूबाईने लेकाच्या हातावर दही ठेवलं. कस्तुराबाईने ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ, मीठ, तिखट आणि तेलाची बाटली एका पत्र्याच्या पेटीत भरून दिली. चुलतभाऊ जानरावचं शेत जगदेवच्या शेताला लागूनच होतं. त्याने पेटी आपल्या बैलगाडीत घातली. आळीतली पाच-सात माणसं मुद्दाम निरोप द्यायला आली. बोट कधी सुटते, तिकडचे सिंह माणसाळलेले असतात की कसे, असं त्यांनी गंभीर चेहऱ्याने विचारलं. जगदेवनेही गंभीरपणे उत्तरं दिली. पाऊण कोसाचा प्रवास होता. जानरावने त्याला शेताच्या बांधावर उतरवलं, पेटी खाली ठेवली, गाडी वळवली, आणि त्या क्षणापासून त्याला ओळखेनासा झाला.

पहिले दोन दिवस जगदेवला मजा वाटली. ज्वारी कमरेच्या वर गेली होती, कणसं भरत होती. तो माळ्यावर बसून पाखरं हाकी, दुपारी झोपडीत आडवा होई. तिसऱ्या दिवसापासून भाकरीने त्याला छळायला सुरुवात केली. पीठ मळून थापायला घेतलं की कडा फाटत. कस्तुरा गरम पाणी घालते एवढं त्याला आठवे, पण किती गरम आणि केव्हा, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. यंत्रातली कागदाएवढी फट त्याला बोटाने कळे. पिठाचं मात्र काही कळेना. शेवटी तो पीठ आणि डाळ एकत्रच शिजवायला लागला आणि त्याला पातळ भाकर म्हणायला लागला.

संध्याकाळी तो झोपडीच्या दाराशी गावाकडे तोंड करून बसे. गाव दिसत नसे. झाडांची एक काळपट रेघ दिसे, आणि तिच्या उजव्या टोकाला चिंचेचा गोल शेंडा. दिवस बुडायच्या सुमाराला त्या शेंड्याच्या शेजारून धूर वर निघे. आश्विनातली हवा थंड आणि स्थिर असते, त्यामुळे धूर फाकत नाही, बराच वर सरळ जातो. कस्तुराने चूल पेटवली, एवढं त्यावरून कळे. बोलायचं नाही अशी अट होती. बघायचं नाही असं कुणी म्हटलं नव्हतं. धूर दिसला की तो उठे आणि आपली तीन दगडांची चूल पेटवी.

जानराव रोज बांधावरून जाई आणि अट अगदी काटेकोरपणे पाळी. एकदा जगदेवने त्याला हाक मारून घरचं कसं काय, असं विचारलं. जानराव थांबला, त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "कोन बाप्पा तू? पाव्हना दिसतं. या शेताचा मालक तं आफ्रिकेत गेला."

"जानरावभाऊ, मजाक सोड. माय कशी हाय?"

"बिचारा," जानराव शेताकडे बघत म्हणाला, "तठी त्याले कोनी इचारतबी नसंल."

कोजागिरी होऊन गेल्यावर एक दिवस तोच जानराव बांधावर बसून केळीच्या पानातून काहीतरी खात होता. जगदेवने लांबूनच ओळखलं. नुकत्याच व्यालेल्या गाईच्या चिकाची ती वडी होती. आळीत या दिवसांत गाभण होती ती त्याचीच; म्हणजे आपली गाय व्याली. तिचं पहिलंच वेत होतं आणि त्याला तिची काळजी होती. तो धावतच बांधापर्यंत गेला आणि कालवड झाली की गोऱ्हा, एवढंच विचारलं.

"आफ्रिकेतल्या मान्साची गाय हाय," जानराव बोटं चाटत म्हणाला. "पत्र येईन त्याले."

त्याने एक वडी मात्र बांधावरच्या दगडावर विसरल्यासारखी ठेवली आणि निघून गेला. जगदेवने ती खाल्ली. गूळ अंमळ जास्त होता. म्हणजे ती आईने केली होती, आणि आईचं बरं चाललं होतं.

घरीही दिवस जात होते. कस्तुराबाईने गाईचं वेत एकटीने निभावलं. गोठ्याचं खचलेलं छप्पर दोरी बांधून सावरलं. रंगूबाई संध्याकाळी ओट्यावर बसे. म्हातारीला जवळचं दिसत नसे, सुईत दोरा ओवता येत नसे, पण लांबचं अजून लख्ख दिसे. टेकाडावरच्या शेतातून धुराची बारीक रेघ वर आली की ती आत हाक मारून सांगे की त्याची चूल पेटली, आता मला वाढ. त्याआधी ती ताटावर बसत नसे. 

रंगूबाईला सुनेची एकच गोष्ट खटकत होती. अंगणात कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांचा ढीग होता, फोडलेलं बाभळीचं सरपण होतं, फळीवर नवा कोरा स्टो होता. आणि ही रोज संध्याकाळी निंबाच्या आणि पळसाच्या ओल्या फांद्या चुलीत घालत होती. ओल्या लाकडात आधी पाण्याची वाफ होते, मग ते जळतं, आणि तोवर नुसता धूर. स्वयंपाकघर त्याने भरून जाई. कस्तुराबाईचे डोळे लाल होऊन सुजायला लागले. रंगूबाईने विचारलं तर कोरडं सरपण दिवाळीच्या फराळाला राखून ठेवलंय, असं उत्तर मिळालं. हे म्हातारीला पटलं नाही, पण सून रडत असेल आणि धुराच्या आडोशाने रडत असेल, असं समजून ती गप्प राहिली.

वसुबारसेच्या दिवशी सकाळी कस्तुराबाईचा डावा डोळा उघडेना. गाय-वासराची पूजा तिने पदराने डोळा झाकूनच केली. संध्याकाळी ती फांद्या घेऊन चुलीशी बसली तेव्हा रंगूबाईने त्या तिच्या हातातून काढून घेतल्या आणि अंगणात फेकल्या. फळीवरचा स्टो स्वतः खाली काढला आणि तिच्यापुढे ठेवला. आज चूल पेटवशील तर मी जेवणार नाही, असं तिने सांगितलं.

कस्तुराबाईने थोडा वेळ विचार केला. रोजच्या धुराकडे कुणी बघत होतं की नाही, हे तिला माहीतच नव्हतं. आपण धूर करतो तो आपल्या समाधानासाठी, असंच ती धरून चालली होती. माळ्यावर बसलेला माणूस पाखरांकडे बघेल, आभाळाकडे बघेल. एका संध्याकाळी धूर नसला तर कुणाला काय कळणार? तिने स्टोला दोन-चार वेळा पंप मारला. निळी ज्योत घूं घूं करायला लागली, आणि तिने त्यावर वरण ठेवलं.

त्या वेळी जगदेव झोपडीच्या दाराशी बसला होता. सूर्य खाली गेला. झाडांच्या रेघेवर इकडेतिकडे धूर दिसू लागला, पण चिंचेच्या शेंड्याशेजारचं आभाळ मोकळं होतं. आज उशीर झाला, असं त्याने स्वतःला सांगितलं. वसुबारस आहे, गोठ्यात पूजा चालली असेल. त्याने आपल्या चुलीतली राख काढली, पाणी आणून ठेवलं, परत बसला. आभाळ तांबडं झालं, मग करडं. धूर आला नाही.

घरात चूल केव्हा पेटत नाही, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. घरातलं माणूस गेलं की त्या दिवशी चूल बंद असते आणि शेजारचे भाकरी आणून देतात. वडील गेले त्या दिवशी या चिंचेखाली शेजाऱ्यांची टोपली ठेवलेली त्याने पाहिली होती. आणि काही झालं तरी कळवायचं नाही, ही अट आईनेच घातली होती. आईने स्वतः.

तो पायात काही न घालताच निघाला. आधी झपाझपा चालत होता, बांध ओलांडल्यावर पळायला लागला. वाटेत जानरावची गाडी गावाकडे चालली होती. पाऊल वाजलं तसं जानरावने मागे वळून पाहिलं, आणि आफ्रिकेची बोट इतक्यात कशी लागली वगैरे बोलायला तोंड उघडलं. मग त्याला जगदेवचा चेहरा दिसला.

"जगदेवा, काय झालं?"

इतक्या दिवसांनी त्याने नावाने हाक मारली होती, पण जगदेव थांबला नाही. जानरावने बैल तिथेच सोडले आणि तोही मागे पळायला लागला.

चिंच जवळ आली. झाडाखाली टोपली नव्हती. ओट्यावर रंगूबाई पाय पसरून बसली होती आणि टेकाडाकडे बघत होती, कारण आज अजून लेकाची चूल पेटलेली तिला दिसली नव्हती. समोरून लेकच पळत आलेला पाहून ती सावरून बसली.

"काहून रे," ती म्हणाली, "आफ्रिकेहून पायी आला काय?"

 जगदेव आईच्या पायाजवळ खालीच बसला आणि तिच्या घोट्यावर हात ठेवून श्वास घेत राहिला. तेवढ्यात कस्तुराबाई दारात आली. एक डोळा सुजून बंद, दुसरा लाल. जगदेव उठून उभा राहिला.

"काय झालं घरात?" त्याने विचारलं. "चूल काहून नाई पेटली?"

कस्तुराबाईने आत बोट दाखवलं. आतून स्टोचा आवाज येत होता. त्याच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. आपणच वाशीमहून आणलेली ती बिनधुराची निळी ज्योत.

"धूर नोयता," तो म्हणाला. "मले वाटलं, माय गेली."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग अगदी हळू विचारलं, "तुमी पाहत होते?"

"रोज."

कस्तुराबाई उंबरठ्यावर बसली. पदर तोंडाला लावला. ती रडत नव्हती. पण हसतेय की काय, हेही नीट कळत नव्हतं.

"मले काय मालूम," ती म्हणाली. "मी आपल्या ओल्या फांद्या घालत गेली. म्हटलं, दिसला तं दिसला."

रंगूबाईने सुनेकडे आणि मग लेकाकडे बघितलं. "म्हंजे हे धुरासाठी चाललं होतं? अन् मले म्हने सरपन दिवाईले ठेवलं. डोये फोडून घेतले पोरीनं."

जानराव धापा टाकत अंगणात येऊन पोचला होता. कुणाला काही झालेलं नाही हे कळल्यावर तो चिंचेच्या बुंध्याला टेकला, आणि मग या परीक्षेत नापास कोण झालं, अशी चौकशी केली.

"दोघंबी," रंगूबाई म्हणाली.

ती स्वभावाने न्यायी होती, आणि अशा गोष्टीत तिला अर्धवटपणा खपत नसे. तिचं म्हणणं असं की ही पारख खोटी ठरली. याने तिकडून बघितलं, हिने इकडून दाखवलं. आता खरी पारख करायची तर जगदेवने दूरच्या किन्हीराजा गावी तिच्या भावाकडे जाऊन राहावं. तिथून अनसिंगची चिंच दिसत नाही, धूर तर नाहीच. शेठकडून महिनाभराची मुदत मागून घेता येईल.

जगदेवने कस्तुराबाईकडे बघितलं. तिने नकारार्थी मान हलवली.

"मी पुन्हा नाई करत," ती म्हणाली. "तुमाले जायचं असंल तं खरंच जा. मी नाई म्हननार नाई. पन पारख म्हनून मले पुन्हा करायले नोका लावू."

"अन् मी गेलो तं? तू काय करशीन?"

"ओली लाकडं चुलीत घालत राहीन," ती म्हणाली. "दिसो की न दिसो."

 आत वरण उतू गेलं तसा स्टो फसफसला. कस्तुराबाई उठून आत गेली. जानरावला मोकळ्या सोडलेल्या बैलांची आठवण झाली आणि तो परत पळाला.

जेवायला बसल्यावर जगदेवने भाकरी हातात धरून थोडा वेळ तिची कड बघितली. कुठेच फाटलेली नव्हती. त्याने गरम पाण्याबद्दल विचारलं, आणि कस्तुराबाईने सांगितलं की उकळी फुटायच्या आधी उतरवायचं. मग त्याला गाईची आठवण झाली, आणि कालवड की गोऱ्हा, हे त्याने आईला विचारलं.

"पत्र येईन," रंगूबाई घास चावत म्हणाली.

जेवण झाल्यावर तो स्वतःच गोठ्यात जाऊन पाहून आला. कालवड होती, कपाळावर चांद असलेली. परत आला तेव्हा कस्तुराबाई स्टोची पितळी टाकी पुसत होती. तिने वर न बघता विचारलं, "इंजनाचं काय?"

खोटं समाधान करावं असं जगदेवला वाटलं नाही. अनसिंगचं इंजिन मिस्त्रीचंच राहणार होतं, आणि तेलाचं भांडं त्याच्या हातात. हे दोघांनाही ठाऊक होतं.

"जिन रिकामं चालवून पाह्यलं तं समदं बराबर वाटते," तो म्हणाला. "पट्टा नीट, रूळ नीट. कापूस घातल्याबिगर खरं काय ते समजत नाई. इतके दिवस मी रिकामंच चालवत होतो. आज कापूस पडला." मग तो म्हणाला, "नाई जात मी."

तिने टाकी पुसायची थांबवली नाही. पण पुसून झालेली टाकी तिने पुन्हा पहिल्यापासून पुसायला घेतली.

दुसऱ्या दिवशी तो मेघजीशेठकडे गेला. शेठनी कारण विचारलं. इंजिनाचा एवढा शौक असलेला माणूस नाही का म्हणतो, हे त्यांना कळेना. जगदेवला दुसरं काही सुचलं नाही, म्हणून त्याने जे झालं ते सगळं सांगितलं: झोपडी, धूर, स्टो, पळत येणं. शेठ आधी मोठ्याने हसले. दिवाणजीलाही बोलावून त्यांनी त्याला पुन्हा सांगायला लावलं. मग त्यांनी विचारलं की शेत घरापासून किती लांब आहे.

"पाऊण कोस."

शेठचं हसू ओसरलं. ते कच्छमधल्या मांडवीचे; मिसरूड फुटायच्या आधी मामाबरोबर वऱ्हाडात आले होते.

"हमको भेजने से पहले किसी ने ऐसा करके नहीं देखा," ते म्हणाले. "सीधा गाडी में बिठा दिया."

त्यांनी जगदेवला चहा पाजला आणि मेहुण्याला दुसरा माणूस बघायला कळवतो म्हणून सांगितलं. पुढे कारंज्याकडचा एक फिटर गेला. तो तिकडे रमला, तीन वर्षांचा करार संपल्यावर त्याने बायकोलाही नेलं, आणि त्याचं चांगलं झालं, असं शेठ सांगत. ते ऐकून जगदेवला बरंच वाटे. पण त्या दिवशी जिनातून घरी येताना तो नेहमीपेक्षा थोडा गप्प असे, आणि कस्तुराबाई त्याला काही विचारत नसे.

दिवाळीनंतर जिन सुरू झालं. मिस्त्रीने चाकाला हात घातला, आणि जगदेव शेजारी तेलाचं भांडं घेऊन उभा राहिला. जिन गावाच्या मावळतीला होतं. हंगामात दिवसपाळी संपायला अंधार पडे. पण दिवस बुडताना, पट्टे थांबवायच्या आधी, तो एकदा पत्र्याच्या शेडबाहेर येऊन उगवतीकडे बघून जाई. चिंचेशेजारी धूर असेच. कोरड्या लाकडाचा, पातळ. ओल्या फांद्या घरात आणायच्या नाहीत, असं रंगूबाईने बजावलेलं होतं.

हंगामभर स्टो फळीवरच असे. पाहुणे आले, अवकाळी पावसात सरपण भिजलं, तरी कस्तुराबाई तो सहसा खाली काढत नसे. आळीतल्या बायका म्हणत की हिची भीती अजून गेली नाही. पण हंगाम संपला, जिन बंद झालं आणि जगदेव दिवसभर घरी राहायला लागला की संध्याकाळी त्या घरातून धूर निघत नसे. तो ओट्यावर आईशेजारी बसलेला असे, आणि आत निळ्या ज्योतीचा आवाज येत असे.